मुलाला टिक्स असतील तर: घर, दवाखाना आणि शाळा यांतून वाट काढताना

आमचा मुलगा पहिलीत गेला त्या जूनमध्ये अचानक डोळे जोरजोराने मिचकावू लागला. नेत्रतज्ज्ञांनी चष्म्याचा नंबर तपासला, डोळ्यांत घालायला थेंब दिले, आणि महिन्याभरात मिचकावणे थांबले तेव्हा थेंब लागू पडले असेच आम्ही समजलो. दिवाळीनंतर तो सारखा घसा खाकरू लागला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ॲलर्जीचे सिरप लिहून दिले आणि आम्ही घरातले दही, केळी आणि थंड पाणी बंद केले. पुढच्या उन्हाळ्यात मान एका बाजूला झटकणे सुरू झाले, तेव्हा आम्ही त्याची उशी बदलली. या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे हे सांगणारे डॉक्टर भेटेपर्यंत दीड वर्ष गेले होते, आणि त्या दीड वर्षात घरातल्या प्रत्येकाने त्याला दिवसातून दहा वेळा तरी “आधी ते बंद कर” असे बजावले होते. आता तो सातवीत आहे. मी डॉक्टर नाही, परंतु केसपेपरांची जाड फाइल मांडीवर घेऊन ओपीडीच्या बाकावर बराच काळ बसलेली आई आहे. आपल्या मुलाबाबत नुकतीच शंका आलेल्या पालकांची ती दीड वर्षे वाचावीत म्हणून हे टप्पे लिहीत आहे.

१. जे दिसते आहे त्याला योग्य नाव द्या

टिक म्हणजे अचानक होणारी, झटपट संपणारी, पुन्हा पुन्हा येणारी आणि ठरावीक ताल नसलेली हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणे, नाक-तोंड वेडेवाकडे करणे, खांदे उडवणे, मान झटकणे या हालचालींच्या टिक्स. तर नाक ओढणे, घसा खाकरणे, हुंकार देणे, चिरका आवाज काढणे या आवाजाच्या टिक्स. बहुतेक मुलांमध्ये त्या चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतात, दहाव्या ते बाराव्या वर्षी सर्वाधिक जोरात असतात आणि पौगंडावस्थेत बऱ्याच जणांमध्ये ओसरत जातात. मुलींपेक्षा मुलांमध्ये त्यांचे प्रमाण अधिक आढळते.

डॉक्टर निदान करताना काळ मोजतात. टिक्स सुरू होऊन एक वर्ष झाले नसेल तर ती तात्पुरत्या स्वरूपाची अवस्था मानली जाते आणि अशा अनेक मुलांचा प्रश्न तिथेच मिटतो. वर्षाहून अधिक काळ केवळ हालचालींच्या किंवा केवळ आवाजाच्या टिक्स राहिल्या तर त्यांना दीर्घकालीन टिक विकार म्हणतात. एकाहून अधिक हालचालींच्या टिक्स आणि किमान एक आवाजाची टिक, भले दोन्ही एकाच वेळी नसोत, वर्षाहून अधिक काळ दिसल्या आणि त्यांची सुरुवात अठरा वर्षांच्या आत झालेली असली, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये अशा नऊ रुग्णांचे वर्णन केले, त्यांच्यावरून हे नाव पडले. टुरेट म्हणजे तोंडातून शिव्या येणे हा समज मात्र मनातून काढून टाका. ते लक्षण साधारण दहा ते पंधरा टक्के रुग्णांमध्येच आढळते.

मूल हे मुद्दाम करते का, हा प्रश्न तुम्हाला सगळे विचारतील. शिंक येण्याआधी नाकात जशी हुळहुळ होते तशी काहीतरी अस्वस्थता बऱ्याच मुलांना त्या भागात आधी जाणवते आणि टिक केल्यावर क्षणभर बरे वाटते. शिंक काही क्षण दाबता येते, तशी टिकही काही वेळ दाबता येते, आणि नेमक्या याच कारणामुळे मोठी माणसे “पाहुण्यांसमोर थांबवतोस, मग आमच्यासमोर का नाही?” असे विचारून मोकळी होतात. लहान मुलांना तर ही हुळहुळ शब्दांत सांगताही येत नाही. ती ओळखता येऊ लागते ती साधारण आठ ते दहा वर्षांच्या पुढे.

टिक्स काही आठवडे वाढतात, मग कमी होतात, एक जाते आणि दुसरी येते. आमचे थेंब लागू पडले, सिरप लागू पडले, सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून काढलेली दृष्टही लागू पडली, याचे कारण हेच. टिक स्वतःहून ओसरण्याच्या वेळी जो उपाय चालू असतो त्याच्या पदरात श्रेय पडते. हे एकदा उमजले की पुढचा बराच खर्च वाचतो.

२. पंधरा दिवसांची नोंद ठेवा

डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरताच आमच्या मुलाच्या टिक्स अशा नाहीशा झाल्या की मीच खोटी ठरते की काय असे वाटले. नव्या जागी, अनोळखी माणसासमोर अनेक मुलांचे असे होते. म्हणून भेटीपूर्वी साध्या वहीत रोज चार ओळी लिहा: कोणती टिक दिसली, कोणत्या वेळी वाढली, त्या दिवशी झोप किती झाली, शाळेत किंवा घरात वेगळे काय घडले. दर मिनिटाला किती वेळा हे मोजत बसू नका, कारण मोजणारी आई मुलाला दिसते आणि टिक्सकडे लक्ष वेधले गेले की त्या वाढतात.

मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ पुरेसे आहेत. मोठ्या मुलाला विचारून घ्या. लहान असेल तर खेळताना किंवा टीव्ही पाहताना सहज घ्या. हा व्हिडिओ फक्त डॉक्टरांसाठी आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सल्ल्यासाठी तो टाकण्याची चूक आमच्या घरात झाली, आणि पुढे एका लग्नात चुलत भावंडांनी त्याची नक्कल केली तेव्हा तिची किंमत कळली.

३. योग्य डॉक्टरांकडे, योग्य कागद घेऊन जा

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. त्यांना आवश्यक वाटले तर ते मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. मानसोपचारतज्ज्ञांचे नाव निघाले म्हणून बिचकू नका. टिक्स हा या दोन्ही शाखांचा विषय आहे. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांनी शासकीय रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही केंद्रे आहेत, आणि शाळेत तपासणीला येणारे पथकही तिथे पाठवू शकते. कोणाशी तरी आधी बोलायचे असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

सोबत न्यायचे साहित्य:

• नोंदवही आणि व्हिडिओ असलेला मोबाइल, पूर्ण चार्ज केलेला
• आधीच्या सर्व चिठ्ठ्या, डोळ्यांच्या आणि ॲलर्जीच्याही
• सध्या चालू असलेल्या औषधांची यादी, त्यांत आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि “मेंदूचे टॉनिक” हेही आले
• घराण्यात कोणाला टिक्स, तीव्र चंचलता किंवा त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा करण्याची सक्ती होती का याची माहिती
• वर्गशिक्षकांच्या दोन ओळी आणि मागच्या परीक्षेचे प्रगतिपुस्तक

घराण्याच्या माहितीसाठी थोडे खोदावे लागते. टिक्समध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण आपल्याकडे त्याला “खोड” म्हणून सोडून दिलेले असते. माझ्या सासऱ्यांना आयुष्यभर खांदा उडवण्याची सवय होती हे आम्हाला मुलाचे निदान झाल्यावर आठवले.

नेहमीच्या स्वरूपाच्या टिक्सचे निदान माहिती विचारून आणि मुलाला तपासून होते. त्यासाठी रक्ततपासणी किंवा एमआरआय सहसा लागत नाही. म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहिली नाही तर त्यांनी दुर्लक्ष केले असे समजू नका. फिट येत असल्याची शंका असेल तर मात्र ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, सांगितला जातो. पुढीलपैकी काही दिसले तर पंधरा दिवसांची वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका: हालचालीच्या वेळी मूल हाकेला ओ देत नाही किंवा शुद्ध हरपते, चालण्यात किंवा बोलण्यात बदल झाला आहे, आधी जमणाऱ्या गोष्टी जमेनाशा झाल्या आहेत, तापानंतर किंवा नवीन औषधानंतर हालचाली सुरू झाल्या आहेत, किंवा मान इतक्या जोराने झटकली जाते की दुखणे राहते आणि हातापायांत मुंग्या येतात. किशोरवयीन मुलामुलीत एखाद्या दिवशी अचानक मोठमोठ्या आणि विचित्र टिक्स सुरू झाल्या, तर तेही लवकर दाखवा. त्या प्रकाराचे निदान आणि उपचार वेगळे असू शकतात.

४. घरातले नियम बदला, आणि ते मुलासाठी नव्हे तर मोठ्यांसाठी

पहिला नियम असा की टिकवर कोणीही काहीही बोलायचे नाही. रागाने नाही, प्रेमाने नाही, डोळ्यांनी खुणावूनही नाही. दुसरा नियम असा की टिक थांबवल्याबद्दल चॉकलेट नाही आणि केल्याबद्दल शिक्षा नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण जेवणाच्या ताटावर दर वीस सेकंदांनी घसा खाकरला जात असताना गप्प बसणे ही मला जमलेली सर्वांत अवघड गोष्ट आहे. शेवटी मी माझ्यासाठी एक युक्ती काढली: टिक ऐकू आली की मुलाला त्याच्या दिवसातली एखादी दुसरी गोष्ट विचारायची. त्याने त्याची टिक थांबली नाही, माझी भुवई मात्र चढायची थांबली.

आजी-आजोबांना समजावणे हे स्वतंत्र काम आहे. वैद्यकीय शब्दांऐवजी शिंकेचे उदाहरण द्या आणि शक्य असेल तर त्यांना एका भेटीत डॉक्टरांकडे सोबत न्या. सुनेच्या तोंडून जे पटत नाही ते पांढऱ्या कोटातून लगेच पटते. अंगारा किंवा दृष्ट यांवरून भांडू नका, परंतु “बाहेरचे काहीतरी आहे” हे वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका.

टिक्स कशाने वाढतात याची प्रत्येक मुलाची यादी वेगळी असते, तरी अपुरी झोप, परीक्षेची धास्ती, आजारपण आणि चक्क आनंदाची उत्कंठा ही चार नावे बहुतेकांच्या वहीत सापडतात. गणपतीत घरी आरतीला पन्नास माणसे जमली की आमच्याकडे टिक्स वाढणार हे आम्ही आता गृहीत धरतो आणि त्यासाठी सण रद्द करत नाही. उलट मन गुंतेल अशा कामात, तबला वाजवताना, पोहताना किंवा चित्र रंगवताना, त्या बऱ्याच कमी होतात. म्हणून “आधी टिक्स थांबू दे, मग क्लासला घालू” असे म्हणून छंद लांबवू नका. टिम हॉवर्ड या अमेरिकन गोलरक्षकाला लहानपणापासून टुरेट सिंड्रोम आहे आणि तो २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध एकामागून एक चेंडू अडवत होता, हे आमच्या मुलाने स्वतः शोधून काढले.

दिवसभर टिक्स दाबल्यामुळे त्या घरी दुपटीने परत येतात असे सर्रास सांगितले जाते. प्रयोगांत तसे सहसा आढळलेले नाही. परंतु दाबून धरण्यात मुलाची शक्ती आणि लक्ष खर्च होते यात शंका नाही, आणि घर ही त्याने दाबण्याची गरज नसलेली जागा असते. शाळेतून आल्यावरचा अर्धा तास आम्ही कसलीही चौकशी न करता मोकळा सोडतो.

रोजच्या काही बारीक जागाही आधी हेरून ठेवा. केस कापताना मान झटकली तर कात्री लागू शकते, म्हणून सलूनमध्ये गर्दी नसताना जा आणि कारागिराला आधी सांगून ठेवा. हाताची टिक असेल तर गरम दुधाचा पेला काठोकाठ भरू नका. डोळ्यांच्या टिक्समुळे वाचताना ओळ सुटते, तेव्हा ओळीखाली पट्टी धरू द्या.

५. शाळेशी तक्रार येण्याआधी बोला

आम्ही तक्रार आल्यावर गेलो, ही आमची चूक. महाराष्ट्रातल्या शाळेत दिवस परिपाठाने सुरू होतो, आणि परिपाठाच्या मौनात आमच्या मुलाचा हुंकार सर्व रांगांना ऐकू जात असे. मौन पाळायचे दडपण जितके जास्त, तितका हुंकार मोठा. त्याला दोन आठवडे रांगेबाहेर उभे केले जात होते, हे आम्हाला डायरीतल्या “वर्गात मुद्दाम आवाज काढतो” या शेऱ्यानंतर समजले.

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यातच वर्गशिक्षकांची पंधरा मिनिटांची वेळ मागा. डॉक्टरांकडून छोटे पत्र घ्या आणि सोबत स्वतःचे एक पान द्या. आमच्या पानावरचा मजकूर असा असतो: “आमच्या मुलाला टिक्स आहेत. सध्या तो मान झटकतो आणि घशातून आवाज काढतो. हे त्याच्या हातात नाही आणि संसर्गजन्य नाही. याचा त्याच्या बुद्धीशी संबंध नाही. त्याकडे दुर्लक्ष करणे ही सर्वांत मोठी मदत ठरेल. तो फार अस्वस्थ झाला तर त्याला न विचारता दोन मिनिटे पाणी पिऊन येऊ द्यावे.” हे पान मुख्याध्यापकांच्या सहीने दरवर्षी नव्या शिक्षकांपर्यंत पोहोचेल असे पाहा आणि स्वतःकडे पोच ठेवा. पीटीच्या, संगीताच्या आणि बदली शिक्षकांना ते दिले गेले आहे का हे आवर्जून विचारा, कारण घोटाळा बहुधा त्यांच्याच तासाला होतो.

बसण्याची जागा ठरवताना बाजूची ओळ बरी. पहिल्या बाकावर बसवले की मागच्या चाळीस मुलांच्या नजरा पाठीवर असतात, अगदी शेवटी बसवले की मूल वाळीत टाकल्यासारखे होते. मोठ्याने वाचन करायला सांगायचे असेल तर आदल्या दिवशी कळवावे, अशी विनंती करा. चिडवणे चालू असेल तर नेमकी कोणती नक्कल होते, कधी आणि कुठे, हे लिहून द्या; “मुले त्रास देतात” या वाक्यावर कोणतीही शाळा काहीच करू शकत नाही. वर्गाला सगळे समजावून सांगणे उपयोगी ठरते, मात्र मुलाची तयारी असेल तरच.

६. परीक्षेची सोय वेळेत मागा

मान झटकणाऱ्या मुलाचा पेपर अपुरा राहतो, शिष्यवृत्तीच्या उत्तरपत्रिकेतले गोल रंगवताना पेन्सिल घसरते, आणि शांत वर्गात आवाज निघेल या धास्तीने अर्धे लक्ष घशाकडे असते. शाळेच्या अंतर्गत परीक्षेत वेगळ्या खोलीची किंवा दाराजवळच्या बाकाची परवानगी मुख्याध्यापक देऊ शकतात. डॉक्टरांचे पत्र जोडून अर्ज द्या.

बोर्डाच्या परीक्षेचे नियम वेगळे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत आणि त्यांत टुरेटचे नाव स्वतंत्रपणे नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र त्या यादीत आहे. त्यामुळे टिक्ससोबत मुलाला वाचन-लेखनाची खरी अडचण असेल तर तिचे मूल्यमापन वेगळे करून घ्या. नववी सुरू होताच शाळेमार्फत आपल्या मंडळाकडे लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी आश्वासनावर दहावीच्या फेब्रुवारीपर्यंत थांबणे हा सापळा आहे.

७. टिक्ससोबत आणखी काय आहे ते शोधा

माझ्या मते पालकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते या टप्प्यावर. टिक डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे तिच्या मागे लागतात; पण टुरेट असलेल्या अनेक मुलांना अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे, किंवा मंत्रचळ, म्हणजे तोच तो विचार आणि तीच ती कृती करण्याची सक्ती, यांचाही त्रास असतो. अभ्यास मागे पडणे, वही तीनदा खोडून पुन्हा लिहिणे, दप्तराची चेन मनासारखी लागेपर्यंत उघडझाप करणे, किरकोळ गोष्टीवरून संतापाचा स्फोट होणे, रात्री झोप न लागणे, यांचे कारण तिथे असू शकते. आमच्याकडे मुलाचे गुण टिक्समुळे घसरले असे आम्ही दोन वर्षे समजत होतो. खरे कारण लक्ष न टिकणे हे होते, आणि त्यावर काम सुरू झाल्यावर टिक्स तेवढ्याच राहूनही त्याचा दिवस सोपा झाला. डॉक्टरांना थेट विचारा: “या मुलाला सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे?” उपचार तिथून सुरू होतात.

८. उपचाराचा निर्णय घाई न करता घ्या

टिक्समुळे मुलाला दुखत नसेल, लाज वाटत नसेल आणि त्याचे काही अडत नसेल, तर केवळ लक्ष ठेवून थांबणे हाही वैद्यकीयदृष्ट्या मान्य मार्ग आहे. त्रास होत असेल तर बहुधा प्रथम वर्तनोपचार सुचवला जातो. त्यात मूल टिकच्या आधीची हुळहुळ ओळखायला शिकते आणि ती जाणवताच टिकच्या विरुद्ध जाणारी, लोकांच्या नजरेत न भरणारी कृती करते. उदाहरणार्थ, मान झटकावीशी वाटली की हनुवटी किंचित खाली घेऊन मान हलकेच ताठ धरायची आणि ती लहर ओसरेपर्यंत तशीच ठेवायची. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नऊ ते सतरा वर्षांची १२६ मुले होती. दहा आठवड्यांच्या या उपचारानंतर निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत ठळक सुधारणा दिसली, तर केवळ माहिती आणि आधार मिळालेल्या गटात ती पाचांपैकी एकापेक्षाही कमी मुलांत दिसली. म्हणजे सुधारणा खरी आहे, पण हमी नाही. हा उपचार शिकलेले तज्ज्ञ सगळीकडे नाहीत, तेव्हा वेळ घेण्यापूर्वी फोनवर स्पष्ट विचारा की टिक्ससाठी सवय-बदलाचा उपचार तुम्ही करता का. नुसते “मनावर ताबा ठेव” असे सांगणारे समुपदेशन म्हणजे हा उपचार नव्हे.

औषधांची वेळ आली तर तीन प्रश्न विचारून वहीत लिहा: कशाचा त्रास कमी होणे अपेक्षित आहे, किती आठवड्यांनी आढावा घ्यायचा, आणि कोणत्या दुष्परिणामांकडे लक्ष ठेवायचे. काही औषधांनी झोप येते, काहींनी भूक आणि वजन वाढते, म्हणून सुरुवातीचे वजन नोंदवून ठेवा. टिक्स ओसरल्या म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. क्लोनिडीनसारखे औषध एकाएकी थांबवल्यास रक्तदाब वाढू शकतो. गावी जाताना गोळ्या मोजून घेणे आणि चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवणे इतके सोपे काम आम्ही एकदा विसरलो होतो.

९. मुलाला त्याचे स्वतःचे वाक्य द्या

मुलाला त्याच्या वयाला पेलेल इतके खरे सांगा. सात वर्षांच्या मुलाला “तुझा मेंदू मधूनच मानेला जास्तीचा निरोप पाठवतो” एवढे पुरते. बारा वर्षांच्या मुलाला टुरेट हे नावही माहीत असावे, कारण ते तो इंटरनेटवर शोधणारच, आणि तिथला सर्वांत टोकाचा व्हिडिओ त्याने एकट्याने पाहण्यापेक्षा तुमच्याशेजारी बसून पाहिलेला बरा.

“तू असे का करतोस?” या प्रश्नाला उत्तर घरी आरशासमोर तयार करून घ्या. आम्ही सुचवलेली चार सभ्य वाक्ये आमच्या मुलाने नाकारली. तो आता विचारणाऱ्याला “आपोआप होते, दुखत नाही, तू बॉल टाक” असे सांगतो आणि स्टान्स घेतो. नवीन सोसायटीत राहायला गेलो तेव्हा कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही याची यादी त्यानेच केली; तिच्यात खालच्या मजल्यावरचा विकेटकीपर होता आणि लिफ्टमधल्या काकू नव्हत्या. त्या यादीबाहेर आम्ही कोणाला सांगत नाही.